मरिगाचा पाऊस

आमच्या पडवीत पूर्वी इरली, नांगर आणि पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं असायची. आता तिथे एका फळीवर आठ सेल ओळीने बसलेले असतात. निळ्या वेष्टनातले, जाडजूड, ३२ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर उंच. त्यांच्या तारा एका पांढऱ्या डब्यात जातात आणि डब्यातून एक वायर माझ्या लॅपटॉपला येते. फळीखाली वाळूची बादली. सेलने पेट घेतलाच तर आधी ती हाताशी हवी. वाळू नदीची आहे, पैसे मोजून आणलेली. किनाऱ्यावरची वाळू खारट आणि कायम दमट, ती सेलजवळ नको म्हणून. आईला हे अजून पटलेलं नाही. "समुद्र दारात आणि वाळू विकत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

हे सेल गावोगावच्या सौर पथदिव्यांतले. पाच-सहा वर्षांत दिवे एकेक करून विझले आणि खांबावरचे डबे भंगारात गेले. उघडून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी सेल नव्हे, सर्किट मेलेलं. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या. भंगारवाल्याने चाळीस सेल किलोवर दिले. त्यातले चांगले निवडून, चार-चार ओळीत जोडून घरच्या इन्व्हर्टरसाठी बॅटरी करायची, एवढाच बेत होता.

या बेताचं मूळ ३ जून २०२०च्या दुपारी आहे. त्या दिवशी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि आमच्या दापोली तालुक्यात माड, पोफळी, आंबे, विजेचे खांब, सगळं एका माळेत आडवं झालं. इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी पहिली रात्र पुरली. आमच्या वाडीत लाईट आली तेविसाव्या दिवशी. त्या तेवीस दिवसांत मोबाइल चार्ज करायला लोक ट्रॅक्टरभोवती जमत. मी तेव्हा पुण्यात होतो आणि घरचा फोन लागत नव्हता. ती अस्वस्थता कुठेतरी आत राहिली असावी, कारण पुढे इकडे परत आल्यावर पहिला उद्योग मी हाच काढला.

चांगले सेल निवडायचे म्हणजे काय करायचं? शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एकाच दिव्यातल्या दोन सेलपैकी एक धडधाकट निघतो आणि दुसरा पोकळ. म्हणून प्रत्येकाला टेस्टरवर चढवायचं. ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज, थोडा आराम, मग १.२ अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, पुन्हा आराम. ही झाली एक सायकल. सेलवर छापलेलं आहे ६ एएच, म्हणजे अँपिअर गुणिले तास. सेल नवा असता तर १.२ अँपिअरने बरोबर पाच तास चालला असता. माझ्याकडचे बरे सेल ५.६ एएच देतात, कमजोर ४.४. चार्ज, डिस्चार्ज आणि आराम धरून एका सायकलला नऊ ते अकरा तास लागतात. आणि नुसती एक सायकल बघून भागत नाही. पहिल्या दिवशी सगळेच शहाणे असतात. शंभर सायकलींनंतर कोण किती टिकलंय ते पाहायचं.

टेस्टर दर दहा सेकंदांनी एक ओळ लिहितो. तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर, एएच. एका सायकलीच्या तीन-चार हजार ओळी होतात, आठ सेलच्या शंभर सायकलींच्या तीस लाखांच्या आसपास. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे हौसेने सुरू केलेलं काम एक्सेलच्या हाताबाहेर गेलं आणि मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे वळलो. पांडाज या अवजाराने फाइल उघडायची, मॅटप्लॉटलिबने ग्राफ काढायचा. पायथन लिहिणाऱ्यांत ही जोडी म्हणजे वरण-भात.

मॅटप्लॉटलिबची कथा मला आवडते. जॉन हंटर हा मेंदूचा अभ्यास करणारा माणूस. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विजेचे चढउतार पडद्यावर नीट बघता यावेत म्हणून त्याने २००३च्या सुमाराला हे अवजार बनवलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१२ साली तो गेला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. ज्याने ते मेंदूसाठी घडवलं, त्याला आमच्या पडवीतले सेल कधी स्वप्नातही दिसले नसतील. खास बॅटरीच्या चाचण्यांसाठीही पायथनमध्ये तयार अवजारं आहेत. नॉर्वेतल्या ऊर्जा-तंत्रज्ञान संस्थेतून आलेलं सेलपाय त्यातलं एक. निरनिराळ्या टेस्टरच्या फाइली वाचायच्या, कुठे चार्ज, कुठे डिस्चार्ज, कुठे आराम ते ओळखायचं आणि दर सायकलीचा सारांश काढून द्यायचा, हे ते करतं. तुमचा टेस्टर त्याच्या ओळखीचा नसेल तर कुठला रकाना म्हणजे काय, हे एका छोट्या फाइलीत लिहून देता येतं. मी काही दिवस ते वापरलं, त्याची मांडणी पाहून घेतली आणि मग स्वतःचा साठ-सत्तर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. नॉर्वेच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला पडणारे प्रश्न आणि मला पडणारे प्रश्न वेगळे होते, हे मात्र मला नंतर कळलं.

पहिला ग्राफ निघाला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला होता. आडव्या अक्षावर एएच, उभ्यावर व्होल्ट, प्रत्येक सायकलीची एक रेघ. रंग जुन्या सायकलींना जांभळा, मग निळा, हिरवा आणि ताज्या सायकलींना पिवळा. या रंगपट्टीचं नाव विरिडिस, मॅटप्लॉटलिबने २०१७पासून तीच डीफॉल्ट केली आहे. जांभळापासून हापूसपर्यंत, म्हणजे ऐन आमच्या मे महिन्याची रंगपट्टी! फक्त शेवटचा पिवळा पांढऱ्या पानावर दिसत नाही, आणि पडवीत उन्हं आली की मुळीच दिसत नाही. म्हणजे जी सायकल सर्वांत ताजी, नेमकी तीच गायब.

आई म्हणाली, "छान आहे. पण सगळ्या रेघा सपाट कशा?"

अण्णा मागे उभे होते. अण्णा एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते. आयुष्यभर बॅटऱ्यांशीच गाठ, बसच्या २४ व्होल्टच्या, म्हणजे बारा-बाराच्या दोन. ॲसिडच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालायचा, रबरी फुगा दाबून सोडायचा, काचेतला तरंगता कुठे थांबतो ते डोळा पातळीत आणून बघायचं. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, १२५०च्या वर असली तर भरलेली, ११५०च्या खाली गेली तर बसलेली. आणि मधलं सगळं मधे. बॅटरी आपली स्थिती तोंडाने सांगते, असं ते म्हणतात. त्यांना माझे सेल पहिल्यापासून संशयास्पद वाटतात.

"ह्याच्यात पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही. व्होल्टेज बघावं तर तेही हलत नाही. मग अर्धा भरलाय का पाऊण, कळायचं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हे लोह-फॉस्फेटचं रसायन. १९९७ साली टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून त्याचा शोधनिबंध आला. त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी आणि दुसरं नंजुंडस्वामी, दोघेही आपल्याकडचे. गुडइनफना पुढे २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं. या रसायनाची खासियत म्हणजे डिस्चार्ज करताना व्होल्टेज बराच वेळ ३.२ ते ३.३च्या दरम्यान रेंगाळतं. पोट पाऊण भरलेलं असो की पाव, चेहरा तोच. आणि शेवटी दरीत उडी मारावी तसं एकदम खाली. त्यामुळे व्होल्टेज बघून काही कळत नाही, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब ठेवावा लागतो. अण्णांना मी म्हटलं, "ह्याची वही ठेवावी लागते."

"हां," अण्णा म्हणाले. वहीचं त्यांना पटतं.

त्यांची स्वतःची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, एसटीच्या दिवसांतली, कोपरे चिकटपट्टीने डागडुजी केलेले. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची नोंद. दर रविवारी सहा खान्यांची ग्रॅव्हिटी, पाणी घातलं तर किती, आणि शेवटी शेरा. रोज एक ओळ. रविवार सोडून बाकी दिवशी फक्त तारीख आणि लाईट किती वेळ गेली ते. मी एकदा २०२०चं पान काढून बघितलं. ३ जूनला शेरा, एकच शब्द: वादळ. मग ४ जून, ५ जून, ६ जून, अशा २५ जूनपर्यंत बावीस ओळी. प्रत्येकीत तारीख आहे आणि पुढे काही नाही. दीड पान कोरं गेलंय.

"अण्णा, एवढ्या ओळी मोकळ्या कशाला सोडल्यात? एक शेरा लिहून पुढे जायचं ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडीचं चाक काढून चालवू म्हणत होतो. "दिवस झाले ना रे ते? मग त्यांना ओळ नको?"

मी हसलो होतो. हसू नको होतं, कारण पुढच्याच आठवड्यात त्याच गोष्टीत मी सापडलो.

झालं असं की, मी दुसरा ग्राफ काढला होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर व्होल्ट. सेल चढतोय, उतरतोय, चढतोय, उतरतोय. पुण्याचा मित्र बघून म्हणाला, अगदी तुमची भरती-ओहोटी. सगळे हेच म्हणतात आणि मला ते पटत नाही. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, उधाण येतं, भांग येतो, पण समुद्र त्याने झिजत नाही. सेल प्रत्येक फेरीत थोडा थोडा कमी होत असतो. फरक इतका बारीक की एका फेरीत डोळ्याला दिसू नये. समजा प्रत्येक फेरीला हजारातला एक भाग हरवतो. हजार फेऱ्यांनंतर उरतात शेकडा सदतीस. तेच दहा हजारांतला एक हरवला तर हजार फेऱ्यांनंतरही शेकडा नव्वद शिल्लक. ०.९९९ आणि ०.९९९९. मधे एका नऊचा फरक, आणि त्या एका नवावर बॅटरीचं आयुष्य. अशा हिशेबात ग्राफ जरासा जरी थापाड्या निघाला तरी सगळं मुसळ केरात.

तर तो ग्राफ मी मोठा करून बघत होतो. अण्णा चहाचा कप घेऊन आले, चष्मा वर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही कुठली तारीख?"

"बारा मे."

"रात्रीची?"

"हो. रात्र ते सकाळ."

"त्या रात्री लाईट होती कुठे?"

मला आठवलं. वळवाचा पाऊस, खालच्या वाडीत वायरवर फणसाची फांदी. एरवी छोट्या-मोठ्या खंडांना इन्व्हर्टर पुरा पडतो, त्या रात्री तोही बसला होता आणि टेस्टर बंद पडला होता. सकाळी पावणेदहानंतर लाईट आल्यावर टेस्टर जिथे थांबला तिथून पुढे सुरू झाला. फाइलीत रात्री सव्वानऊची एक ओळ आहे आणि तिच्या लगेच खाली दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पन्नासची. मधे साडेबारा तास नाहीत. पण ग्राफवर तिथे रेघ होती! सरळ, किंचित चढती, बाकीच्या रेघांइतकीच ठाशीव. मॅटप्लॉटलिबला दोन बिंदू दिले, त्याने ते जोडले. त्याचं कामच ते. साडेबारा तास सेलचं व्होल्टेज सावकाश, एका चालीने वर सरकत होतं, असं ती रेघ शपथेवर सांगत होती. खरं तर डिस्चार्ज अचानक थांबला की सेल पहिल्या काही मिनिटांतच सावरतो, मग उरलेली रात्र नुसता पडून असतो. आणि ते तरी कुणी मोजलं होतं? कुणीच नाही.

दुरुस्ती सोपी आहे. शेजारच्या दोन ओळींच्या वेळांतली वजाबाकी करायची. ती एका मिनिटापेक्षा जास्त निघाली तर मधे एक पोकळ ओळ घालायची, जिच्यात वेळ आहे पण व्होल्टच्या जागी आकडा नाही. पायथनमध्ये या 'आकडा नाही'ला नॅन म्हणतात. शून्य वेगळं, नॅन वेगळा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं, नॅन म्हणजे मोजलंच नाही. मॅटप्लॉटलिबला रेघ ओढताना नॅन भेटला की ते हात उचलतं आणि पलीकडे पुन्हा टेकवतं. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या. ग्राफवर १२ मेच्या रात्री पांढरी पट्टी आली. तारीख आहे, पुढे काही नाही. अण्णांचं ते दीड पान!

खरी गंमत अजून पुढे आहे. मी रोज बघत होतो तो तिसराच ग्राफ. आडव्या अक्षावर सायकलींचा क्रमांक, उभ्यावर त्या सायकलीत सेलने किती एएच दिले. बॅटरीवाल्यांच्या जगात सगळे हाच ग्राफ बघतात. त्यात तर ती पांढरी पट्टी यायचा प्रश्नच नव्हता. तेहतिसावी सायकल, मग चौतिसावी. मधली रात्र पत्त्यातच नाही. सायकल मोजणाऱ्या अक्षाला रात्र, दिवस, पाऊस, वादळ, कशाशी कर्तव्य नसतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या ग्राफने माझी झोप उडवली. सगळ्यात चांगला सेल, तीन नंबरचा, दीड महिना ५.६१च्या आसपास टिकून होता, तो ९६व्या सायकलीशी एकाएकी ५.५५वर आला. पडद्यावर तो कडा कोसळल्यासारखा दिसत होता. उभा अक्ष ५.५२पासून ५.६४पर्यंतच होता हे खरं; अवजार आपणहून डेटाच्या मापाचा अक्ष बेततं, त्यामुळे मुंगीचा हत्ती होतो. शून्यापासून अक्ष घेतला तर ती पायरी दिसतही नव्हती. यातलं बरोबर काय, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं की शून्यापासूनचा अक्ष बहुतेकदा झोपलेल्याला अजून झोपवतो. घसरण छोटी होती, पण होती.

बाकीचे सेल पाहिले. सात नंबरचा, कमजोर, तोही घसरला होता, पण ११८व्या सायकलीशी. दोन नंबरचा १०१व्याला. प्रत्येकाचा आकडा वेगळा. मला वाटलं, झालं, एकेक करून म्हातारे होतायत, भंगारातून आणलेल्यांचं दुसरं काय होणार. रात्री उशिरापर्यंत मी कारणं शोधत बसलो. लिथियमचा थर, इलेक्ट्रोलाइट, वाचावं तितकं थोडं.

सकाळी अण्णा म्हणाले, "हे सगळं कुठल्या दिवशी झालं?"

"दिवस नाही अण्णा, सायकल. ही शहाण्णवावी, ही एकशे अठरावी."

"ते असू दे. पण दिवस कुठला?"

मी अक्ष बदलला. सायकलीच्या क्रमांकाऐवजी तारीख. एका शब्दाचा फरक. आठही रेघा पडद्यावर पुन्हा उमटल्या आणि आठही जणींची पायरी एका उभ्या ओळीत आली. ९ जून. कमजोर सेलचं पोट लहान, म्हणून त्याची फेरी लवकर संपते आणि त्याच्या फेऱ्या जास्त होतात. शहाण्णव, एकशे एक आणि एकशे अठरा हे तीन आकडे म्हणजे एकच दिवस होता. आठ निरनिराळे सेल एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. काहीतरी बाहेरून आलं होतं.

अण्णांनी वही उघडली, ९ जूनच्या ओळीवर बोट ठेवलं. शेरा: मिरग. पाऊस लागला.

इतकं साधं! आदल्या दिवशीपर्यंत पडवी तेहतीस अंशांवर भाजत होती, ९ तारखेला दुपारपासून धो धो सुरू झाला आणि पडवी सव्वीसवर आली. सेल गारठला की त्याची आतली रसायनं सुस्तावतात, विजेला होणारा विरोध वाढतो, व्होल्टेज तळाला जरा लवकर पोहोचतं आणि एएच थोडे कमी भरतात. प्रयोगशाळेत हा प्रश्नच येत नाही, तिथे सेल पंचवीस अंशांच्या बंद कपाटात ठेवतात. आमच्याकडे कपाटात तांदूळ असतात. त्यानंतर मी फळीवर एक तापमापक टांगला. वीस-बावीस जूनला पावसाने चार दिवस उघडीप दिली, ऊन तापलं, आणि तीन नंबरचा सेल गुपचूप ५.५९वर परत आला. म्हातारपण असं उलटं फिरत नाही.

मग लक्षात आलं की रोजची बारीक दातेरी किनारसुद्धा तीच होती. दुपारची सायकल जरा वर, पहाटेची जरा खाली. दीड महिना मी तिला टेस्टरचा खडखडाट समजून प्रोग्रॅममध्ये गुळगुळीत करून टाकत होतो. म्हणजे पडवीतले दिवस-रात्र इस्त्री करून सपाट करत होतो.

पाच नंबरच्या सेलची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा जास्त नाही. त्याचं व्होल्टेज डिस्चार्ज सुरू होताच दचकून खाली जायचं आणि हा दचका दर आठवड्याला वाढत होता. मी त्याला बाद ठरवला, तांबडी फुली मारली. फुली मारताना सेल होल्डरमधून काढला तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी. खाऱ्या हवेची. तिथला विरोध ५० मिलिओहम जरी धरला तरी १.२ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट तिथेच खाल्ले जातात, आणि ग्राफ ते सगळं सेलच्या नावावर मांडतो. काचपेपरने घासलं. आता प्रत्येक सेलला चार तारा आहेत, दोन करंट नेणाऱ्या आणि दोन फक्त व्होल्टेज बघणाऱ्या. पाच नंबर उत्तम चालू आहे. फुली तशीच आहे, ती निघत नाही.

जुलैमध्ये ठरवलं की वहीतले शेरे ग्राफवरच आणायचे. अण्णा वाचून दाखवत होते, मी तारीख आणि शेरा अशी छोटी फाइल करत होतो. प्रोग्रॅमने ती वाचायची, त्या तारखेला एक उभी फिकट रेघ ओढायची आणि वर शेरा लिहायचा. पहिल्या प्रयत्नात शेऱ्यांच्या जागी नुसते चौकोन आले. मॅटप्लॉटलिबसोबत जो फाँट येतो त्यात देवनागरी नाही. देवनागरी फाँट दिला. अक्षरं आली.

अण्णांनी चष्मा सारखा केला. "मरिग? हे काय?"

मी बघितलं. खरंच 'मरिग' होतं. मिरग या शब्दात संगणकाच्या लेखी आधी म येतो, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र. आपण लिहिताना वेलांटी म-च्या अलीकडे काढतो, हे फाँटला सांगणारं कुणीतरी मधे लागतं. माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ते कुणी नव्हतं. त्याने अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडली, म, मग वेलांटी, आणि वेलांटी जाऊन बसली र-च्या डोक्यावर. अक्षाचं नाव 'दिवस' दिलं होतं, तिथे 'दविस' उमटलं होतं. 'क्षमता'तला क्ष फुटून क-चा पाय मोडलेला आणि ष वेगळा. 'व्होल्टेज'ची तर पार हाडं मोकळी.

दुसरं अवजार जोडून हे सुधारता येतं, पुढे मी ते केलंही. पण त्या संध्याकाळी आम्ही वेगळाच खेळ खेळलो. ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेले शब्द शोधायचे. दिवसऐवजी तारीख. वीजऐवजी लाईट, तसंही आमच्याकडे वीज फक्त आभाळात असते, घरात असते ती लाईट. 'पाऊस लागला' हे तर अगदी सुखरूप उमटलं, एक काना इकडचा तिकडे नाही. 'वादळ'ही बरोबर. 'ऊन' बरोबर. आई स्वयंपाकघरातून शब्द पुरवत होती. "उकाडा चालेल का?" चालला. "आंब्याचं लोणचं?" ते फुटलं. मिरगाला काहीच पर्याय सापडेना. आई म्हणाली, असू दे मरिग.

दापोलीत झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. रंगीत महाग, म्हणून काळी-पांढरी. विरिडिसचं हे एक बरं आहे, रंग गेले तरी गडदापासून फिक्यापर्यंतचा क्रम जात नाही, जुनी सायकल कुठली आणि नवी कुठली ते कळतं. घरी येऊन अण्णांपुढे ठेवली. त्यांनी कागद ओटीवरच्या उजेडात नेला, वही शेजारी उघडून ठेवली आणि खिशातलं बॉलपेन काढलं. आधी 'मरिग'वर आडवी रेघ मारून वर 'मिरग' लिहिलं, वेलांटी जिथे हवी तिथे. मग १२ मेच्या पांढऱ्या पट्टीकडे आले. तिच्यात त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहायला लागले: लाईट नव्हती. सायं. ७.४० ते सकाळी ९.५०. आणि खाली एक आडवा बाण काढला. बाण पांढऱ्या पट्टीत मावला नाही. डावीकडे तो रेघेवर चढला.

"अण्णा, इथपासून नाही. इथे तर रेघ आहे. पट्टी सव्वानऊला सुरू होते."

"लाईट सात-चाळीसला गेली," अण्णा म्हणाले. बाणाचं टोक त्यांनी पुन्हा गिरवलं. "पुढचा दीड तास माझ्या बॅटरीने काढला. तेही लिही तुझ्यात."